मदत हवी आहे: भुसावळच्या भाड्याच्या घराची तूट कमी करावी की जळगावला दुसरा फ्लॅट घ्यावा?

नमस्कार. चार वर्षांपूर्वी आम्ही भुसावळला एक दुमजली रो-हाउस भाड्याने देण्याच्या हेतूनेच घेतले. त्यासाठी एका गृहवित्त कंपनीकडून २४ लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने काढले. व्याजदर बदलता असून सध्या ९ टक्के आहे, हप्ता २१,६०० रुपये बसतो आणि सुमारे २१ लाख ९० हजार मुद्दल शिल्लक आहे. दोन्ही मजल्यांचे मिळून १५,००० रुपये भाडे येते. उरलेले साडेसहा हजार दरमहा माझ्या पगारातून भरते. मी शिक्षिका आहे आणि एवढी तूट सोसण्याची तयारी ठेवूनच घर घेतले होते.

परंतु तूट हप्त्यापुरती राहत नाही. भाडेकरू बहुधा रेल्वेतले किंवा दीपनगरच्या वीज केंद्रावर कंत्राटी कामाला असलेले असतात. बदली झाली किंवा काम संपले की मजला रिकामा होतो आणि नवीन माणूस मिळेपर्यंत महिना निघून जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की गच्चीच्या कोब्याला चिरा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते. खाली कुलरचे पाणी झिरपून खिडकीखालचा गिलावा फुगला आहे. बोटाने दाबले तरी त्याचे पापुद्रे सुटतात. घरपट्टी, बोअरच्या मोटारीची दुरुस्ती, रंग आणि प्लंबर धरून वर्षाला ३५ ते ४० हजार रुपये जातात.

यंदा यावल तालुक्यातील सामाईक शेतीच्या केळीच्या उत्पन्नातून माझ्या वाट्याला ५ लाख रुपये आले आहेत. ते भरून जळगावच्या पिंप्राळा भागातला ३४ लाखांचा फ्लॅट घ्यावा आणि बाकीचे कर्ज काढावे, असे एजंट सुचवतो. तिथे ९,००० रुपये भाडे येईल, असे त्याचे म्हणणे आहे. घरातील वडीलधाऱ्यांनाही जागेत पैसा घालणे पटते. मला मात्र आधी पहिल्या घराचे गणित सावरावेसे वाटते. ही रक्कम कर्जात भरावी का, भरल्यास हप्ता कमी करून घ्यावा की मुदत, आणि दुरुस्तीच्या खर्चाची आयकरात वजावट मिळते का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

ताई, तुमचे मत योग्य आहे असे मला वाटते. ३४ लाखांवर वर्षाला १ लाख ८ हजार भाडे म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के होतात, आणि कर्ज त्याच्या अडीचपट दराने घ्यावे लागेल. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणीचे जास्तीत जास्त ३० हजार आणि फ्लॅटचा दरमहा मेन्टेनन्स हे वेगळेच. पहिल्या घराची तूट आहे तशी राहील आणि तिच्या शेजारी दुसरी, अधिक मोठी तूट उभी राहील. भाव वाढतील या आशेवर अशी खरेदी पगारदार माणसाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी व्याजदराकडे पाहा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात, पण गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. त्यामुळे ही कपात तुमच्या दरात आपोआप उतरली असेलच असे नाही; कंपनीकडे दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या आणि दोन बँकांकडून कर्ज वर्ग करण्याचा प्रस्ताव मागवा. समजा दर ८ टक्के झाला, तर उरलेल्या १६ वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १,३०० रुपयांनी उतरेल. मात्र प्रोसेसिंग फी, सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीची कागदोपत्री तपासणी) आणि गहाणाचे मुद्रांक शुल्क यांचा हिशेब आधी मांडा. बँक पुन्हा २० वर्षांची मुदत देऊ करील. ती घेऊ नका, कारण त्यात हप्ता हलका दिसतो आणि व्याज वाढते.

५ लाखांपैकी ३ लाख मुद्दलात भरावेत. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. आजच्याच दराने हप्ता तोच ठेवल्यास कर्ज सुमारे चार वर्षे लवकर फिटेल. मुदत तीच ठेवल्यास हप्ता २,९०० च्या आसपास कमी होईल. एरवी मी मुदत कमी करा असेच सांगतो, पण तुमची अडचण दरमहाच्या तुटीची असल्याने हप्ता कमी करून घ्यावा. दर ८ टक्के झाला आणि ३ लाखही भरले, तर तूट साडेसहा हजारांवरून अडीच हजारांवर येते. उरलेल्या २ लाखांतून पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्या, कुलर खिडकीतून काढून भिंतीपासून सुटा असा लोखंडी स्टँडवर बसवा, आणि बाकीची रक्कम रिकाम्या महिन्यांसाठी मुदत ठेवीत राहू द्या.

आयकरात दुरुस्तीची पावती दाखवून वेगळी वजावट मिळत नाही. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा होते, राहिलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग खर्च कमी झालेला असो वा जास्त, आणि त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. तुमचे व्याज वर्षाला १ लाख ९५ हजारांच्या आसपास असल्याने घराच्या उत्पन्नात सुमारे ७० ते ८० हजारांचा तोटा निघेल. जुन्या करप्रणालीत असा तोटा २ लाखांच्या मर्यादेत पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वळता होत नाही. म्हणून शाळेत करप्रणाली कळवण्यापूर्वी दोन्ही हिशेब सीएंकडून करून घ्या.

प्रश्नकर्ती

दादा, मनापासून आभार. कंपनीकडे अर्ज याच आठवड्यात देते. एक शंका उरते: खालच्या मजल्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आला आहे. नव्या नोंदणीकृत करारात कुलरमुळे होणारे नुकसान अनामत रकमेतून वळते करण्याची अट घालायची असेल, तर ती कोणत्या शब्दांत लिहावी?