स्टॅन्ले कप न जिंकलेल्या गोलरक्षकाला थोर म्हणावे का?

अजिंक्यतारा :
हेन्रिक लुंडक्विस्टला २०२३ साली हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तेव्हापासून आइस हॉकी पाहणाऱ्या आम्हा सातारकरांत एक वाद धुमसतो आहे. २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, थेट २०५ व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा स्वीडिश गोलरक्षक न्यूयॉर्क रेंजर्सकडून १५ हंगाम खेळला, त्याने ४५९ सामने जिंकले, २०१२ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडकही मिळवला. मात्र स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकी व्यावसायिक लीगचे विजेतेपद, त्याच्या हाती कधीच लागले नाही. कप संघाचा असतो, त्यावरून एका गोलरक्षकाची योग्यता ठरवणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. २०१४ च्या अंतिम फेरीत (चार सामने आधी जिंकणारा संघ विजेता) लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध हरलेल्या चार सामन्यांपैकी तीन जादा वेळेत गेले आणि शेवटच्या सामन्यात त्याने ४८ फटके अडवले. आणखी काय करायला हवे होते?

वाईकर :
आपण अर्धीच बाजू मांडली आहे. त्या फेरीतल्या पहिल्या दोन्ही सामन्यांत रेंजर्सकडे दोन गोलांची आघाडी होती आणि दोन्ही सामने हातचे गेले. तिसऱ्यात किंग्जचा गोलरक्षक जोनाथन क्विकने एकही गोल होऊ दिला नाही. मोक्याच्या क्षणी जो टिकतो तोच मोठा. आपल्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना लोकांनी डोक्यावर घेतले ते १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकासाठी. १९४८ चा लंडनमधला सहावा क्रमांक किती जणांच्या लक्षात आहे?

कृष्णाकाठ :
वाईकर, खाशाबांचा दाखला इथे लागू पडत नाही. कुस्तीत ते एकटे लढले. गोलरक्षकापुढे मात्र स्वतःच्या संघाचे पाच गडी असतात. चेक गोलरक्षक डोमिनिक हाशेकचेच पाहा. बफेलो संघाकडून खेळताना १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे तो लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यातील शूटआउटमध्ये त्याने कॅनडाच्या पाचही खेळाडूंचे फटके परतवले, तरीही बफेलोत त्याला कप मिळाला नाही. तो मिळाला २००२ मध्ये, डेट्रॉइटच्या बलाढ्य संघात गेल्यावर. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडूरच्या तीन कपांमागेही स्कॉट स्टीव्हन्ससारखा बचावपटू उभा होता.

वाईकर :
ब्रोडूरचे श्रेय बचावफळीच्या पदरात टाकणे मला मान्य नाही. तो जाळ्यामागे जाऊन पक (आइस हॉकीतली चकती) इतक्या सफाईने खेळवत असे की प्रतिस्पर्ध्यांची चढाई सुरू होण्याआधीच मोडत असे. २००५ मध्ये गोलरक्षकांच्या त्या मुक्त वावरावर मर्यादा घालणारा नियम आला, त्याला आजही लोक ब्रोडूरचे नाव जोडतात. ६९१ विजय नुसत्या आधारावर मिळत नाहीत.

अजिंक्यतारा :
ब्रोडूरच्या थोरवीबद्दल दुमत नाहीच. आक्षेप मोजमापाला आहे. आपण २०१४ च्या अंतिम फेरीतल्या ज्या दुसऱ्या सामन्याचा उल्लेख केलात, त्यातला किंग्जचा तिसरा गोल ड्वाइट किंग गोलक्षेत्रात लुंडक्विस्टच्या अंगावर असताना झाला आणि पंचांनी तो ग्राह्य धरला. मोक्याच्या क्षणाचेच म्हणाल, तर २००६ च्या तुरिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ३-२ अशी निसटती आघाडी असताना, अखेरच्या सेकंदांत फिनलंडच्या ओली योकिनेनचा फटका त्यानेच अडवला आणि स्वीडनला सुवर्णपदक मिळाले. शिवाय हाशेकच्या खात्यात २००८ चा दुसरा कपही जमा आहे, जेव्हा अंतिम फेरीत जाळ्यापुढे ख्रिस ऑसगुड उभा होता आणि हाशेक बाकावर बसला होता. कप हेच माप मानायचे, तर तो कप हाशेकच्या बाजूने धरायचा की नाही, हे आपण सांगावे.