पोलीस व्हेरिफिकेशन झालं, पुढे काय?

मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकांचं पोलीस व्हेरिफिकेशन केलं की संस्थेची जबाबदारी संपली, हे म्हणणं पटलं नाही. त्या कागदावर नोंदलेलेच गुन्हे दिसणार. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत साधा नियम आहे: एका मुलासोबत एकटा मोठा माणूस नको, आणि दार सताड उघडं. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, यावरून मात्र रुसवेफुगवे फार!

आणि मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचा संशय आला, तर 'आधी आपसात चौकशी करू' हे तर नकोच. पॉक्सो या मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांकडून पाठच करून घ्या, भिंतीवरचा फलक कोण वाचतं?