घरच्या घरी ख्रिसमस ट्री : ५०० रुपये, एक मांजर, दोन पोरं

मांजरीची_आई (८ डिसेंबर, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. शेजारच्या काकू मूळच्या वसईच्या. त्यांच्याकडे गोठा आणि झाड दोन्ही असतं, ते बघून आमची पाच वर्षांची कन्या यंदा अडून बसली आहे. विकतचं घ्यायचं नाहीये, माळ्यावर सुई ठेवायला जागा नाही. घरीच काहीतरी वेगळं करावं म्हणते.
अडचणी अशा : धाकटा दीड वर्षाचा, जे दिसेल ते तोंडात. मांजर जे लोंबेल त्याला लोंबकळते. भिंतीला खिळा मारायचा नाही असं घरमालकांनी करारातच लिहिलंय. खर्च ५०० च्या आत. सुचवा.

क्रॉफर्डवाला (११.५५)
ताई, या भानगडीत पडूच नका. सरळ क्रॉफर्ड मार्केट गाठा आणि सहा फुटी झाड घ्या. आम्ही २०१४ साली ३२०० ला घेतलं, अजून ठणठणीत. काढायचं, छत्रीसारखं उघडायचं, झालं काम. घासाघीस केलीत तर आज साडेचारला सोडतील.

मांजरीची_आई (११.५८)
साडेचार हजार? काका, ५०० म्हटलंय हो मी.

क्रॉफर्डवाला (९ डिसेंबर, १२.०३)
दहा वर्षांवर वाटून बघा. वर्षाला ४५० पडतात. तुमच्याच बजेटमध्ये आहे.

वसईची_पोर (सकाळी ७.२०)
आमच्या लहानपणी झाडाचं एवढं कौतुक नव्हतं, गोठ्याचं होतं. गवत, माती, डोंगराला गोणपाट, आणि बाळ येशू २४ च्या मध्यरात्रीच गव्हाणीत ठेवायचा. तोवर गव्हाण रिकामी, आम्ही भावंडं सारखी जाऊन बघायचो. झाड म्हणजे वाऱ्याने पडलेली सुरूची फांदी, डालडाच्या डब्यात वाळू भरून खोचलेली. फुकट! पण चौथ्या दिवसापासून घरभर कचरा आणि आईची बोलणी. मुलीला कामट्यांचा नि पतंगी कागदाचा तारा करून द्या. दाराबाहेर टांगायचा, मांजर पोचत नाही.
(आणि फांद्या तोडायला कळंब-राजोडीच्या बनात येऊ नका. बन आधीच विरळ झालंय.)

वनस्पतीवेडा (८.०५)
एक दुरुस्ती. सुरू म्हणजे पाइन नव्हे, त्या कुळातलाही नव्हे. सुया वाटतात त्या बारीक सांधेदार डहाळ्या असतात. खरी पानं त्या सांध्यांवर, खवल्याएवढी. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत विकतात ते अराउकारिया. माझ्या गच्चीत अकरा फुटांचं आहे, फोटो टाकतो संध्याकाळी.

वसईची_पोर (८.३१)
सांधे मोजायला आम्हाला वेळ नव्हता दादा, करंज्या तळायच्या असायच्या.

भाडेकरू_कायमचा (९.४०)
भिंतीवर टेपने माळ चिकटवून झाडाचा आकार करा असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो. करू नका. मी दुहेरी चिकटपट्टीने केलं होतं. सुंदर दिसत होतं. २ जानेवारीला ओढलं तर डिस्टेंपरचे पापुद्रे घेऊनच आलं. भिंतीवर झाड आयुष्यभराचं उमटलं आणि डिपॉझिटमधून ६००० गेले. ऑइलपेंट असेल तर रंगारी वापरतात ती कागदी पट्टी चालते, तीही आठ-दहा दिवसच.

बुरूडआळी (११.१५)
भिंतीला हातच लावायचा नाही. पडद्याची दांडी आहे ना? बुरुडाकडून कामट्या आणा. सहा तुकडे करा : ७५, ६३, ५१, ३९, २७, १५ सेंमी. सर्वांत लांब खाली. दोन्ही टोकांना सुतळीची गाठ मारत वर जायचं, दोन कामट्यांत साधारण वीतभर अंतर. गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब, नाहीतर कामट्या एका बाजूला घसरतात आणि झाड दारू प्यायल्यासारखं दिसतं. कामट्यांची टोकं काचकागदाने घासून घ्या, कूस बोटात जाते. कागदी चांदण्या, दालचिनी, सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्या, काहीही टांगा. दोनशेच्या वर खर्च जात नाही. नंतर गुंडाळलं की वर्तमानपत्राएवढं.

कोथरूडची_सून (दुपारी १.०२)
गौरीचा स्टँड! आमच्याकडे गेल्या वर्षी तोच उभा केला, वर हिरवी साडी चापूनचोपून नेसवली, निऱ्या खालपर्यंत, दिव्याची माळ. हुबेहूब झाड.

परंपरा_जपा (१.२०)
गौरीचा स्टँड नाताळला?? काही विधिनिषेध?

कोथरूडची_सून (१.२६)
निऱ्या सासूबाईंनीच लावून दिल्या. त्यांना विचारते हं विधिनिषेध.

परंपरा_जपा (१.३४)
झाडच हवं तर अंगणात तुळस आहे.

ऊसवाला_भाऊ (१.५०)
आमच्याकडे तुळशीच्या लग्नातले तीन ऊस शेंड्याला बांधून तिकाटणं केलं होतं. आयडिया फक्कड. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी अख्खी वरात आणली. करू नये.

श्टुटगार्टकर (संध्या. ५.१०)
आमच्याकडे खरं झाड, सात फुटी. वासच वेगळा. ६ जानेवारीनंतर रस्त्याकडेला ठेवायचं, उचलून नेतात. भारतात हे मिस करतो... म्हणजे इथे असताना भारत मिस करतो.

व्यवस्थापक (५.३०)
विधिनिषेधाच्या चर्चेतले सात प्रतिसाद हलवले आहेत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला हे तीन जणांनी सांगून झालं आहे, चौथ्याची गरज नाही.

बोक्याचा_बाप (रात्री ९.१२)
ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांचे सल्ले वाचून मजा आली. ताई, चमकीची झिरमिळी आणि रिबिनी घरात आणूच नका. आमच्या बोक्याने गिळली, आतड्यात अडकली, ऑपरेशन. २२,००० रुपये. मांजराच्या तोंडातून किंवा मागून लोंबतं दिसलं की स्वतः ओढू नका, आत इजा होते, थेट डॉक्टरकडे न्या.

दोन_लेकरांची (९.४०)
+१. आणि छोट्या माळांच्या डबीतले बटण सेल बघा! दीड वर्षाच्या पोराने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, लगेच दवाखाना. पेन्सिल सेलवाली माळ घ्या, झाकणाला स्क्रू असलेली.

पुस्तकात_बुडालेली (१० डिसेंबर, ८.०२)
कुणी सुचवलं का माहीत नाही, सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पण पडद्याच्या दांडीला कामट्या बांधून छान होतं.

बुरूडआळी (८.०५)
🙏

मांजरीची_आई (२१ डिसेंबर, रात्री १०.३०)
झालं एकदाचं! सगळ्यांचे आभार, पण कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही. कामट्या आणल्या होत्या. दुपारभर पडद्याच्या दांडीला राहिल्या. मग मांजर पडद्यावरून चढून गेली आणि दांडीसकट खाली आली. (मांजर ठीक. दांडी नाही.)
शेवटी हॉलमध्ये धाकट्याच्या पाळण्याची कडी रिकामीच होती, तिला नवऱ्याची पावसाळ्यात मोडलेली छत्री टांगली. टोकाला सुतळी बांधून नुसती लटकवली तर वजनाने मिटून जाते, म्हणून आत भरतकामाची रिंग काड्यांना बांधली. अर्धीच उघडी राहते, बरोबर शंकूचा आकार. वरून माझी हिरवी ओढणी टाचली. माळेची डबी आत दांड्याला, उंचावर. पतंगी कागदाचा तारा काकूंनी स्वतः करून दिला आणि रिकामी गव्हाण म्हणून काड्यापेटीही. बिल : माळ १८०, कागद नि गोंद ६०, सुतळी ३०. कामट्यांचे १२० पाण्यात.
सोफा बाजूला सरकवलाय. मांजर दोन दिवस खाली बसून वर बघतेय. कन्येचं मत : ‘हे झाड नाही, छत्री आहे. पण चालेल.’

वनस्पतीवेडा (१०.४५)
फोटो टाकायचा राहिला. हा घ्या माझा अराउकारिया.

क्रॉफर्डवाला (११.०१)
‘छत्रीसारखं उघडायचं’ हे ८ तारखेला मीच लिहिलं होतं, कृपया नोंद घ्यावी.