मदत हवी आहे: ‘बॉय कमांडोज’मधल्या ब्रुकलिनला मराठीत कोणती बोली द्यावी?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा दहा वर्षांचा आहे, इंग्रजी अजून अडखळत वाचतो. सुट्टीत त्याला रोज रात्री ‘बॉय कमांडोज’ या जुन्या अमेरिकन कॉमिकमधली एक गोष्ट मराठीत वाचून दाखवायची म्हणून वहीत अनुवाद उतरवतेय. एका पात्रापाशी गाडी अडली आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: चित्रकथाकार जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४२ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ६४व्या अंकात दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढणाऱ्या मुलांची ही चौकडी आणली. फ्रान्सचा आंद्रे, हॉलंडचा यान, लंडनचा आल्फी, अमेरिकेचा ब्रुकलिन आणि त्यांचा कॅप्टन रिप कार्टर. अंगात जादूची शक्ती कोणाच्याच नाही. १९४०च्या मे-जूनमध्येच हॉलंड आणि फ्रान्स नाझींच्या हाती पडले होते, हे भाच्याला सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, “मग यान आणि आंद्रे घरी कसे जाणार?” तेव्हापासून हे काम नीटच करायचं असं मनावर घेतलंय.

अडचण ब्रुकलिनची. डोक्यावर डर्बी हॅट (गोल माथ्याची टोपी) आणि तोंडात न्यूयॉर्कच्या गल्लीतली इंग्रजी: ‘दीज’चं ‘डीज’, ‘दोज’चं ‘डोज’. प्रमाण मराठीत घातलं तर तो आंद्रेसारखाच बोलायला लागला. “आपुन त्याला सोडनार नाय” लिहिलं तर सिनेमातला टपोरी झाला. मग आमच्या घरची मालवणी वापरली, “मी तेका सोडूचंय नाय.” आईने ऐकलं आणि म्हणाली, “सगळीकडे हसवूक मालवणीच कित्याक?” तिचं बरोबर आहे. ब्रुकलिन हे न्यूयॉर्कच्या एका भागाचं नाव, आणि कर्बी स्वतः तिथून नदीपलीकडच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत वाढला. ब्रुकलिनच्या बोलण्यात मला टिंगल दिसत नाही, आपल्या गल्लीची माया दिसते, आणि तीच मराठीत यायला हवी.

ज्यांनी बोलीतले संवाद अनुवादले आहेत त्यांना विचारते: ‘ण’चा ‘न’ आणि ‘नाय’ एवढंच ठेवून बाकी वाक्य साधं सोडलं तर पुरेल का? की एकच बोली धरून शेवटपर्यंत न्यावी? आल्फीही लंडनचा गल्लीतलाच, त्याला मग वेगळं काय द्यायचं?

नमुन्यासाठी मी रचलेलं एक वाक्य देते: “कॅप्टन, तुम्ही पुढे व्हा, मी यानला घेऊन येतो.” तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत बारा वर्षांचा मुलगा हे कसं म्हणेल, तेवढं लिहाल का? शनिवारी रात्री पहिली गोष्ट वाचायची आहे.