बिनविजेच्या वस्तू आणि साधं घर: तुमचे अनुभव लिहा

घरात वीज आहे, पण तरी काही कामं मुद्दाम हाताने, पायाने नाहीतर उन्हावर करणारी मंडळी आपल्यात बरीच आहेत हे गप्पांमधून कळत असतं, म्हणून हा धागा काढतेय. जातं, माठ, पायमशीन, किल्लीचं घड्याळ, सूर्यचूल, काहीही चालेल. फक्त "जुनं ते सोनं" एवढंच लिहून थांबू नका, ती वस्तू चालती कशी ठेवता आणि घरात ते काम कोण करतं हेही लिहा प्लीज.

सुरुवात मीच करते. माझ्याकडे सासूबाईंचं पायमशीन आहे. मोटर बसवून घे असं सगळे सांगतात पण मी नाही बसवली, कारण पायाने चालवताना वेग पूर्ण आपल्या ताब्यात राहतो, कोपरा आला की हाताने चाक फिरवून एकेक टाका घालायचा, सुई कापडात रुतलेली असतानाच दाब (कापड दाबून धरणारा पाय) उचलून कापड वळवायचं आणि पुढे निघायचं, कोपरा कसा टोकदार येतो! देखभाल फार नाही. बॉबिनकेसच्या (खालच्या दोऱ्याच्या डबीच्या) आजूबाजूला धाग्याची लव साठते ती ब्रशने काढायची, मशीनचंच पातळ तेल थेंब थेंब सोडायचं (खायचं तेल अजिबात नको, ते सुकून चिकट होतं आणि मशीन जड जातं), मग चिंधीवर थोडी शिवण मारायची म्हणजे जादाचं तेल तिच्यात उतरतं. पट्टा सैल झाला की खालचं चाक फिरतं पण सुईत जोर येत नाही, तेव्हा पट्ट्याची पिन काढून जरासा कापायचा नि परत जोडायचा. नव्याने शिकणाऱ्यांनी आधी दोरा न ओवता नुसतं पायडल मारायची सवय करा, कारण चाक उलटं फिरलं की दोरा गुंतलाच.

*

मस्त धागा ताई. आमच्याकडे जातं आहे आणि ते मी ओढतो. रोजच्या पिठासाठी नाही, भरड काढायला आणि कडधान्याची डाळ करायला. सगळं कसब वैरण (जात्याच्या तोंडात सोडायचे दाणे) घालण्यात आहे, मूठभरच घालायची आणि तीही फिरता फिरता, जास्त पडली की दाणे अर्धवट फुटून बाहेर येतात आणि कमी पडली की दगडावर दगड घासतो, तो आवाज एकदा ओळखीचा झाला की हात आपोआप सावरतो. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून (छिन्नीने ठोकून खडबडीत करून) घ्यावी लागते. टाकी लावल्यावर पहिलं दळण खाऊ नका, त्यात दगडाची कच येते. थोडंसं हलकं धान्य दळून ते टाकून द्यायचं. टाकी लावणारा माणूस मिळणं ही मात्र खरी अडचण आहे, मिळाला की त्याच्याजवळ बसून बघून घ्या.

*

कोण करतं हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. माझ्या आजीचं अख्खं आयुष्य पाणी, दळण आणि धुणं यात गेलं, तिला यातलं काहीही साधं वाटत नव्हतं, तिला वाचायला आवडायचं आणि वेळ मिळायचा नाही. त्यामुळे वॉशिंग मशीन मी सोडणार नाही, ओल्या चादरी पिळणं हे मनगटांचं काम आहे आणि ते घरात कुणाच्या वाट्याला येतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या घरी ठरलंय की ज्याला हातचं यंत्र हवं त्याने ते स्वतः चालवायचं आणि स्वतः पुसून ठेवायचं. नवऱ्याला हाताने फिरवायचं ग्राइंडर हवं होतं, ते आणलं, रोज सकाळी तोच फिरवतो, आणि ते खरंच छान चाललंय. अशा वाटणीशिवाय साधी राहणी म्हणजे एकाची हौस आणि दुसऱ्याची मजुरी, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

*

+१ वरच्या ताईंना. आणि वीज वाचावी म्हणून हे करणार असाल तर आधी आकडे मांडा. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट लागतं. ५०० वॉटचा मिक्सर पाच मिनिटं चालवला तर ०.०४ युनिट. म्हणजे मिक्सर सोडून पाट्यावर वाटलं तर विजेत फार फरक पडत नाही, चवीसाठी किंवा आवडीसाठी जरूर वाटा. फरक पडतो तो जिथे काहीतरी तापवायचं किंवा गार करायचं असतं तिथे. आम्ही म्हणून आंघोळीच्या पाण्यापासून सुरुवात केली, काळी टाकी उन्हात ठेवली, बास.

*

गार करण्यावरून, माठ. एक ग्रॅम पाणी उडून जाताना जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, तेवढ्याने लिटरभर पाणी अर्ध्या अंशाहून थोडं जास्त गार होतं, म्हणून माठाला वारा लागला पाहिजे, कोपऱ्यात कोंडून ठेवू नका. दमट हवेत त्याच्याकडून फार अपेक्षा नको. साबण लावू नका, छिद्रांत बसतो. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात याच तत्त्वावर माठात माठ ठेवून मधे ओली वाळू भरायची युक्ती गावोगाव पोचवली, भाज्या जास्त दिवस टिकायला लागल्या. आम्ही पालेभाजी तशीच ठेवतो. दूध नाही ठेवत.

*

मी स्वयंपाकाला गवत भरलेली पेटी वापरते, उकळलेलं पातेलं तिच्यात ठेवलं की आतल्याच उष्णतेवर पदार्थ शिजत राहतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये इंधन वाचवायला घरोघरी वापरायचे ती. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण, चांगली खळखळ उकळी आणायची आणि पेटीत चहूबाजूंनी गवत दाबून वर उशी ठेवायची, गवत नसेल तर जुनी लोकरीची पांघरुणं चालतात. पातेलं भरलेलं हवं, तळाशी थोडंसं असेल तर लवकर निवतं. राजमा मात्र रात्रभर भिजवून ते पाणी टाकून आधी निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचाच, कमी आचेवर नुसता कोमट शिजला तर त्यातलं विष जात नाही आणि उलट्या होतात. काढल्यावर पदार्थ वाफाळता हवा, नसेल तर परत उकळून घ्या. सकाळी ठेवून कामाला जायचं, आल्यावर मऊ भात-आमटी तयार, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना जातं जमो न जमो, ही पेटी नक्की जमेल.

*

किल्लीचं लोलकाचं घड्याळ आहे का कुणाकडे? पुढे जात असेल तर लोलकाखालची चकती फिरवून गोळा किंचित खाली करा, मागे पडत असेल तर वर. दांडी लोखंडी असेल तर उन्हाळ्यात लांबून थोडं मागे पडतंच. आणि भिंतीवर सरळ टांगलंय का ते ऐकून ठरवा, टिक आणि टॉक सारख्या अंतराने यायला हवेत.

*

कोळशाच्या इस्त्रीबद्दल मला वेगळा मेसेज आला होता, इथेच लिहितो. बंद खोलीत कधीच नाही, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. अंगणात किंवा उघड्या व्हरांड्यात ठीक. मी तर इस्त्रीच कमी केली, शर्ट ओला असतानाच जोरात झटकायचा, कॉलर आणि पट्टी हाताने ओढून सरळ करायची आणि हँगरवर वाळवायचा, सुती असेल तर थोडा दमट असतानाच घडी करून गादीखाली ठेवायचा आणि सकाळी घालायच्या आधी थोडा वेळ वाऱ्यावर टांगायचा.