रक्त थांबवणारं गॉझ नेमकं काय करतं?

भटक्या७: फर्स्ट एड किटसाठी हिमोस्टॅटिक गॉझ बघतोय, काहींवर केओलिन लिहिलंय काहींवर कायटोसॅन, दोन्हीत फरक काय? आणि साध्या गॉझने काम होत नाही का?

ओटीवाली: साध्याने पण होतं बऱ्याचदा, नीट दाबून धरलं तर. केओलिन म्हणजे एक प्रकारची माती, ती रक्तातला फॅक्टर १२ (गोठण्याची क्रिया सुरू करणारं एक प्रथिन) जागा करते आणि गुठळी लवकर बनते, म्हणजे काम शेवटी तुमच्याच रक्ताने करायचं. कायटोसॅन कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज आणि लाल पेशींवर निगेटिव्ह, त्यामुळे पेशी त्याला चिकटून बूच बसतं, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी ते बऱ्यापैकी चालतं. पण कुठलंही असो, जखमेत आत खोल भरायचं आणि किमान ३ मिनिटं दाबून धरायचं, मधेमधे उचलून बघत बसायचं नाही!! लोक हेच करतात.

जुना_गडी: आधी झिओलाइट नावाच्या खनिजाची रक्त थांबवायची पावडर यायची ती ओली झाली की इतकी तापायची की भाजायचं, ती जुनी कुठे मिळाली तर घेऊ नका.

भटक्या७: आणि ते सिरिंजमधून स्पंज सोडतात ते?

ओटीवाली: एक्सस्टॅट. अमेरिकेत २०१४ ला आधी सैन्यासाठी मंजूर झालं, २०१५ ला इतरांसाठी. दाबलेले छोटे स्पंज २० सेकंदांत फुगतात, काखेत-जांघेत जिथे टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला करकचून आवळायचा पट्टा) बांधता येत नाही तिथे. नंतर सगळे मोजून काढावे लागतात, एक्सरेत दिसावेत म्हणून प्रत्येकावर खूण असते. किटमध्ये नको, टूर्निके घ्या त्यापेक्षा.