धाक दाखवला की खरं बाहेर येतं का? भीती, आठवण आणि ठाण्यातला जबाब (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

गोदाकाठ

गेवराई-पाथरीकडच्या शेतवस्तीवरचा दरोडा डोळ्यांसमोर आणा. आखाड्यावर घर, लाईट गेलेली, तोंडावर बॅटरीचा झोत, गळ्याला कोयता. सकाळी फिर्याद देताना बाई कोयत्याच्या मुठीला गुंडाळलेली सुतळीसुद्धा सांगते. पण धरणारा उंच होता की ठेंगणा, तिघं होते की पाच जण, हे दर वेळी बदलतं. मग लगेच संशय, घरातलंच कुणीतरी सामील असंल.

यात लबाडी नाही. जिवावर बेतलं की ताणाचं संप्रेरक नॉरअ‍ॅड्रेनालिन उसळतं आणि मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डला, सगळं लक्ष धोक्याच्या वस्तूवर आवळतो. ती वस्तू पक्की बसते. प्रसंगाची जागा, वेळ, क्रम एकत्र बांधायचं काम मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या भागाचं, आणि कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक फार चढलं की तेच काम ढिलं पडतं. चेहरा कोयत्यापासून हातभर अंतरावर असतो, तरी निसटतो.

माझा मुद्दा पुढचा आहे. कॉर्टिसोल वाढलेलं असताना आधी नीट साठवलेलंही वर येत नाही. म्हणजे जबाब घेताना दरडावलं, की जे हवंय त्याच्यावरच आपण माती लोटतो. अमेरिकी सैन्याच्या युद्धकैदी-प्रशिक्षणातला 2004 सालचा अभ्यास बघा. धाकदपटशाची चौकशी अर्ध्या तासाहून जास्त चालली, चौकशी करणारा समोरच, उजेड भरपूर. दुसऱ्या दिवशी रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून त्याला बरोबर ओळखणारे 30 टक्के. शांतपणे झालेल्या चौकशीनंतर तेच प्रमाण 62 टक्के. आणि हे तरुण, कसलेले सैनिक.

तपासटिपण

त्या सैनिकांना धड जेवण नव्हतं, झोप नव्हती. शिवाय तिथं परीक्षा अनोळखी चेहऱ्याची होती. आरोपीचं तसं नसतं. सोनं कुठल्या बांधाला पुरलं हे त्याला विसरायला होत नाही, तो सांगत नाही एवढंच. साक्षीदार आणि आरोपी एकाच मापानं मोजू नका.

दुसरं, पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. चालतं ते फक्त त्याच्या सांगण्यावरून निघालेल्या वस्तूपुरतं, म्हणजे जुनं कलम 27. मेमोरंडम पंचनामा करायचा, म्हणजे त्याचं सांगणं पंचांसमोर लिहून घ्यायचं, पंचांसह निघायचं, त्यानं दाखवलेल्या जागेवरून मुद्देमाल काढायचा. आठवण कच्ची असो की पक्की, पाटल्या जमिनीतून निघाल्या की निघाल्या. मारहाणीला माझा विरोध आहे. पण सराईत माणूस पाणी-चहा देऊन बोलत नाही, त्याला दबाव जाणवलाच पाहिजे.

बचावपक्ष

"आरोपीला माहीत असतं" हे वाक्य तो खरा आरोपी असेल तरच खरं. भीती गुन्हेगार आणि निर्दोष, दोघांकडूनही उत्तर काढते, आणि निर्दोषाकडं द्यायला एकच माल असतो: तुमच्याच प्रश्नातून कळलेला.

हे खोलीत कसं घडतं ते जवळून बघा. "कोयता कुठं टाकलास?" इथंच त्याला कळलं की हत्यार कोयता होतं. "विहिरीत की कॅनॉलात?" दोन जागा मिळाल्या. तो म्हणतो विहिरीत. "कुठल्या, त्या लिंबाजवळच्या?" मान हलते. तासाभरानं मेमोरंडमवर उतरतं: "लिंबाजवळच्या विहिरीत टाकलेला कोयता काढून देतो." वाचणाऱ्याला वाटतं, एवढी बारीक माहिती गुन्हेगाराशिवाय कुणाला असणार?

याला हात उगारायचीही गरज नसते. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांवर आळ घातला, की तुम्ही मनाई केलेली कळ दाबली आणि कॉम्प्युटर बंद पडला. कुणीच दाबली नव्हती. 69 टक्क्यांनी कबुलीवर सही केली आणि 28 टक्क्यांना आपणच दाबली असं मनापासून वाटू लागलं. हे नुसत्या आरोपानं. आता त्या जागी पालावरचा पारधी पोरगा ठेवा. पोलीस कस्टडीचा तिसरा दिवस आहे आणि बायको ठाण्याबाहेर बसलेली आहे.

राहिला मुद्देमाल. रस्त्याकडेच्या, कुणीही जाईल अशा जागेतून निघालेल्या कोयत्याला किती किंमत द्यायची? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. पण ते खड्डा खणताना सुरू होतं. त्याला जागा कशी कळली, ते खोलीतच घडून गेलेलं असतं.

मांजराथडी

गोदाकाठ, तुमच्या मांडणीचा मला धोका दिसतो. भीतीनं आठवण बिघडते असं सरसकट म्हणालात, तर उद्या अत्याचार झालेल्या बाईला उलटतपासात हेच ऐकवतील: तुम्ही घाबरला होतात ना, मग चेहरा कसा लक्षात राहिला? आमच्या भागात बाई ठाण्याची पायरी चढते तीच मुळात कष्टानं.

विज्ञान एवढंच सांगतं की गाभा टिकतो आणि कडा झिजतात. काय झालं, कुणी केलं (माणूस ओळखीचा असेल तर), हे सहसा टिकतं. किती वाजले, आधी दार की आधी दिवा, अंगावर कुठल्या रंगाचा शर्ट, हे हलतं. सुप्रीम कोर्टानं 1983 सालीच, भारवाडा भोगिनभाई खटल्यात म्हटलंय की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप फिरत नसते, किरकोळ विसंगतीवरून साक्ष फेकू नये. अनोळखी चेहरा मात्र वेगळा. तिथं सावधच राहावं लागतं.

गोदाकाठ

मान्य, अनोळखी चेहरा असं नेमकं म्हणायला हवं होतं. आणि खरी हानी तिथंच होते. 5 मार्च 2019 ला सुप्रीम कोर्टानं भटक्या जमातीतले सहा जण निर्दोष सोडले. 2003 च्या नाशिककडच्या गुन्ह्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली होती, सोळा वर्षं गेली. जखमी साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटो-अल्बममधून दुसरेच चार जण दाखवले होते, त्यांचा तपासच झाला नाही. पुढं रांगेत तिनं या आरोपींकडं बोट केलं.

ओळख परेडला एका आरोपीमागं किमान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं लागतात, वय-उंची-अंगकाठी जुळती. घ्यायची नायब तहसीलदारानं, पोलिसांनी बाहेर थांबायचं. कागदावर सगळं असतं. बिघडतं ते उशिरानं. बीडचा साक्षीदार दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर ऊसतोडीला जातो, परेड निघते तो परतल्यावर, उन्हाळ्यात. तोवर आरोपीचा फोटो मोबाईलवर गावभर फिरलेला असतो. मग तो ओळखतो दरोडेखोराला की फोटोला? त्याचं त्यालाही सांगता येत नाही, आणि खात्री मात्र पक्की वाटते.

तपासटिपण

फोटोचं पटलं. आरोपीचं तोंड झाकून न्यायची शिस्त त्यासाठीच आहे, पण पकडल्याबरोबर कुणीतरी फोटो टाकतोच. तरी अडचण समजून घ्या. 24 तासांत कोर्टात हजर करायचं, त्यातच मेडिकल, अटक पंचनामा, स्टेशन डायरी. दबाव नको म्हणता, मग त्या वेळेत करायचं काय?

बचावपक्ष

तीन गोष्टी, पैसा लागत नाही. एक, गुन्ह्यातल्या दोन-तीन बारीक गोष्टी तपासी अंमलदारानं कुणालाच सांगायच्या नाहीत, पत्रकारांनाही नाही. मुठीची ती सुतळी, उदाहरणार्थ. आरोपीनं ती न विचारता सांगितली तर कबुलीत दम आहे. दोन, पहिला प्रश्न "त्या रात्री कुठं होतास, सगळं सांग" असा मोकळा, आणि तो थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. मग प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडं सांगायला लावायचा. रचलेली गोष्ट उलटी सांगताना अडखळते. तीन, खोलीतला कॅमेरा पहिल्या मिनिटापासून, आवाजासकट. सुप्रीम कोर्टाच्या 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालात हेच आहे, रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं.

कबुलीच हवी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं न्या, विचार करायला निदान 24 तास द्या, त्या काळात पोलीस जवळ नकोत.

मांजराथडी

फिर्यादी बाईसाठी एक भर. पहिला जबाब त्याच रात्री थोडक्यात घ्या, गाभ्यापुरता. सविस्तर जबाब एक-दोन झोपा झाल्यावर, तिच्याच घरी. त्याच संहितेच्या कलम 179 प्रमाणे बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावताच येत नाही. आणि दुसऱ्या जबाबात नवीन काही आलं तर "आधी का नाही सांगितलं" असं न विचारता, कधी आठवलं ते तारखेसह लिहून घ्या.

तपासटिपण

तारखेसह लिहिलं की वकील तेच "नंतर शिकवलं" म्हणून वापरतात.

मांजराथडी

वापरतील. न लिहिता जुन्याच जबाबात घुसडलं, तर त्याहून वाईट वापरतील.